सहाव्या भागातलं ‘तू’

३ फेब्रुवारी

आत्या,

तुझं कार्ड काल मिळालं. पत्ता सोडला तर त्यावर एकच ओळ आहे: ‘पाहिलंस का, ते तिला तू म्हणाले!!!’ मला घरी शिकवत होतीस तेव्हा तू सांगायचीस, उद्गारचिन्ह वर्षातून एकदा वापरावं आणि तेही घराला आग लागली तर. इथे एका कार्डावर तीन. मी आधी घाबरले. मग लक्षात आलं की तू ‘नकाशाघर’ मालिकेच्या सहाव्या भागाबद्दल बोलते आहेस.

मीही तो पाहिला. आता क्रमाने लिहिते, म्हणजे आपण नक्की एकाच प्रसंगाबद्दल बोलतो आहोत याची खात्री होईल. शंभर वर्षांपूर्वीचं नकाशे छापणारं ऑफिस. थोरले तिथले मुख्य आरेखक. छापलेल्या नकाशांत हाताने रंग भरायला रंगवालीबाई. तिने एका आखाताला निळ्याऐवजी हिरवा रंग दिला आणि तसे दोनशे नकाशे जहाजांवर पोहोचले. चूक कुणाची ते विचारायला मालकीणबाई जिना चढून येताहेत. रंगवालीबाई कबूल करायला उठते. थोरले हात आडवा करतात, तिला काहीतरी म्हणतात आणि स्वतः बाहेर जाऊन चूक अंगावर घेतात. ते जे म्हणाले त्याचं भाषांतर पडद्याच्या तळाशी असं आलं: ‘तू थांब.’ आधीचे पाच भाग ते तिला ‘तुम्ही’ म्हणत होते.

पण आत्या, मालिका परक्या भाषेतली आहे. त्या भाषेत तू आणि तुम्ही या दोन्हींना एकच शब्द आहे. म्हणजे थोरल्यांनी ‘तू’ म्हटलेलंच नाही. ते खाली ओळी लिहिणाऱ्या कुणीतरी लिहिलं. त्या माणसाला कदाचित दिवसाला दोन-दोन भाग करावे लागत असतील. त्याची पाठ दुखत असेल. चूक होऊ शकते. तिच्यावर इतका मोठा इमला बांधू नये असं मला वाटतं.

माझ्या कामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खोकला नाही. खिडकी रात्री बंद ठेवते.

खारू


८ फेब्रुवारी

खारू,

आधी चुका. ‘नक्की’ आणि ‘खात्री’ एका वाक्यात नकोत. एका डोक्यावर दोन टोप्या होतात. बाकी पत्र स्वच्छ आहे.

ओळी लिहिणाऱ्याची पाठ दुखत असेल, हे वाचून मला हसू आलं. कुठल्या कोण परक्या माणसाच्या पाठीची तुला केवढी काळजी! तू आपली यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित कर आणि स्वतःच्या पाठीकडे बघ.

शनिवारी आमचं ‘नकाशाघर’ पाहणाऱ्यांचं मंडळ वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमलं. सरळ दोन तट पडलेत, तूवाले आणि तुम्हीवाले. तूवाल्यांचे पुढारी दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, “घाबरलेला माणूस सर्वनाम निवडत बसत नाही. जे आत असतं तेच बाहेर येतं. माझ्या खुर्चीत बसल्यावर भले भले मला अरे म्हणतात.”

तुम्हीवाल्यांकडून ट्रामचालक उठले. निवृत्त झाले तरी उभे राहतात ते ट्राम हाकल्यासारखेच. “अहो, एकेरीवर आले म्हणजे रागावले! वरचा माणूस हाताखालच्या बाईला तू म्हणतो, यात प्रेम कसलं? डेपोतला साहेब मला सत्तावीस वर्षं तू म्हणत होता. त्याचं काय माझ्यावर प्रेम होतं?”

“असेलही,” डॉक्टर म्हणाले.

त्यावर एवढा गदारोळ झाला की ग्रंथपाल बाई येऊन म्हणाल्या, “हळू बोला, नाहीतर थोरल्यांना घेऊन बाहेर जा.”

मी तूवाली आहे. का, ते तुला सांगते. मंडळात सांगितलेलं नाही.

चष्मेवाले दुकान बंद करताहेत. मार्चअखेर. लेकीच्या गावी जाऊन छोटं दुकान टाकणार आहेत. मला म्हणाले, “तुम्ही आलात तर बरं होईल. काचा घासायचं काम तुमच्यासारखं कुणाला जमत नाही.” बावीस वर्षं मी त्यांच्याकडे काचा घासून फ्रेमच्या मापाच्या करते आहे. हे ते पहिल्यांदा बोलले. पण ते कामाबद्दल बोलले की आणखी कशाबद्दल, मला कळेना. नुसत्या कामासाठी मी माझं घर सोडून परक्या गावी जाणार नाही, एवढं मला ठाऊक आहे.

आणि मग सहावा भाग पाहिला. खारू, अकरा वर्षांपूर्वी काचांचा ट्रे माझ्या हातून पडला होता. ते आतून धावत आले आणि ओरडले, “तू थांब, हात लावू नकोस!” सगळा चुरा त्यांनी स्वतः गोळा केला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तुम्ही. अकरा वर्षं मी समजत होते की काचा फुटल्या म्हणून ते रागावले. आता वाटतं, मी तुम्हीवाल्यांसारखा विचार करत होते.

त्यांना १५ मार्चपर्यंत उत्तर द्यायचंय. माझ्या घरमालकांनाही त्याच दिवसापर्यंत कळवायला हवं, घर सोडते की ठेवते.

तुझं मत कळव. आणि खिडकी थोडी उघडी ठेवत जा, आता तू मोठी आहेस.

आत्या


१३ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र वाचून मी चार दिवस उत्तर लिहीत होते. हे पाचवं आहे.

मला एवढंच म्हणायचं आहे की राहतं घर सोडण्याचा निर्णय एका मालिकेवरून घेऊ नये. तू तिथे एकोणीस वर्षं राहते आहेस. तुझी खिडकी पूर्वेला आहे. तुझे डॉक्टर, तुझं वाचनालय, तुझी माणसं तिथे आहेत. नव्या गावात कुणी ओळखीचं नाही. चष्मेवाले भले गृहस्थ आहेत, यात शंका नाही. पण त्यांनी तुला कामासाठी बोलावलं आहे, आणि वाक्यही कामाचंच आहे. बाकीचा अर्थ तू सहाव्या भागावरून लावते आहेस. आणि सहाव्या भागातला तो शब्द, मी आधी लिहिलं तसं, भरवशाचा नाही.

कृपा करून त्या ‘तू’वर काही ठरवू नकोस. मी हे फार विचार करून लिहिते आहे.

खारू


१९ फेब्रुवारी

खारू,

तुझ्या पत्रात एकही चूक नाही. मला ते अजिबात आवडलं नाही.

घरमालकांच्या वकिलाने लिहावं तसं लिहिलंयस. ‘भले गृहस्थ आहेत, यात शंका नाही.’ शंका कुणी घेतली होती? सरळ लिही ना, आत्याने या वयात असले विचार करू नयेत, लोक हसतील. तुझ्या बाबांनी हेच म्हटलं असतं, पण दादा निदान चारदा खाकरून म्हणाला असता.

का मी इथून गेले तर तुला यायला ठिकाण राहणार नाही, असं वाटतंय? तसं असेल तर लिही. त्याचा मला राग येणार नाही. तू सहा वर्षांची होतीस, छातीचं दुखणं घेऊन आलीस आणि चार वर्षं राहिलीस. शाळेत गेलीस तेव्हा मी आठवडाभर दोघींचा स्वयंपाक करत होते. तेव्हा सोडवत नाही म्हणजे काय, ते मला समजतं.

आठव्या भागाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मालकीणबाईंनी थोरल्यांची खुर्ची त्या नव्या कोरक्याला दिली, तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरणाऱ्या त्या गुळगुळीत माणसाला. थोरले आता कोपऱ्यातल्या टेबलावर बसून नद्यांची नावं लिहिताहेत. ट्रामचालक म्हणाले, “बघा, बाईपायी माणसाची खुर्ची गेली.” मी म्हटलं, “बाईपायी नाही, आखातापायी.” सगळे हसले. पण मला वाटलं, एका शब्दापायी. ‘तू थांब’ म्हटलं, मग माघार घेता आली नाही.

सहावा भाग १ मार्चला दुपारी पुन्हा दाखवणार आहेत. मी तो शांतपणे, एकटी बसून पाहीन. मग ठरवीन. तू नको म्हणालीस म्हणून नाही आणि डॉक्टर हो म्हणाले म्हणूनही नाही.

आत्या


२ मार्च

खारू,

तुझं उत्तर नाही. असू दे. मला वेड लागलंय का, ते सांग.

काल सहावा भाग पाहिला. मालकीणबाई जिना चढतात, रंगवालीबाई उठते, थोरले हात आडवा करतात आणि खाली येतं: ‘थांबा.’

नुसतं थांबा. तू नाही. तू नावालाही नाही.

मी खुर्ची पुढे ओढली. चष्मा पुसला. बावीस वर्षं दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून काचा घासणारी बाई मी! संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. त्यांनीही पाहिला होता. म्हणाले, “कंपनीवर दबाव आला. तुम्हीवाल्यांनी अर्ज केला असणार.” तिथून ट्रामचालकांकडे. ते म्हणाले, “तू कधी नव्हतंच. तुम्हा लोकांना हवं ते दिसतं.” मी म्हटलं, अहो, तुम्ही स्वतः त्यावर तासभर भांडलात. म्हणाले, “मी तुमच्याशी भांडलो, शब्दाशी नाही.”

मी घरी येऊन विचार करत बसले. महिन्यापूर्वी पडद्यावर लिहिलेलं, डोळ्यांनी वाचलेलं जर नव्हतंच, तर अकरा वर्षांपूर्वी काच फुटत असताना कानावर पडलेलं कशावरून होतं? कदाचित ते “थांबा” म्हणाले असतील. कदाचित काहीच म्हणाले नसतील, नुसते धावत आले असतील. बाकीचं मी बसवलं असेल, फ्रेममध्ये काच बसवावी तसं, चारी बाजूंनी घासून.

आज सकाळी चष्मेवाल्यांना सांगून टाकलं, मी येत नाही. ते म्हणाले, “बरं.” मग बराच वेळ एकच भिंग पुसत राहिले. त्याचाही अर्थ मी आता लावणार नाही.

तुझं बरोबर होतं. भरवशाचा शब्द नव्हता.

आत्या


५ मार्च

आत्या,

तुला वेड लागलेलं नाही. ‘तू थांब’ होतं. मीच ते लिहिलं होतं, आणि मीच काढून टाकलं.

मी आता यंत्रांची माहितीपत्रकं करत नाही. गेल्या वर्षापासून मालिकांच्या तळाच्या ओळी लिहिते. कुठल्या मालिकेच्या, ते कुणालाही सांगायचं नाही, घरच्यांनासुद्धा नाही, अशा कागदावर माझी सही आहे. म्हणून मी ‘सांगण्यासारखं काही नाही’ असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, असं मी स्वतःला रोज समजावते. आता तुला सांगून मी तो कागद मोडते आहे. मंडळात कळलं तर माझी नोकरी जाईल.

काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे चूक कशी झाली ते कळेल. प्रत्येक ओळ पडद्यावर किती वेळ राहणार, ते ठरलेलं असतं. तेवढ्या वेळात माणसाला वाचून होतील इतकीच अक्षरं घालायची. जास्त झाली की ओळ लाल होते. थोरले ते वाक्य फार घाईत, दाराकडे वळता वळता म्हणतात. एक सेकंदही नाही. मी आधी लिहिलं, ‘तुम्ही जिथे आहात तिथेच थांबा.’ लाल. ‘तुम्ही इथेच थांबा.’ लाल. त्या दिवशी सहावा आणि सातवा असे दोन्ही भाग द्यायचे होते. मी ‘तू थांब’ केलं, लाल गेलं, मी पुढे गेले. एवढंच आहे. प्रेम नाही, राग नाही. जागा नव्हती.

तुझं कार्ड येईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मग तू ट्रेबद्दल लिहिलंस. मी चार उत्तरं लिहून फाडली. पाचवं वकिलासारखं झालं, कारण त्यातून खरं गाळलं होतं. तुझ्या वयाचा विचार माझ्या मनात आला नाही. तुझं घर गेलं तर मला कुठे जायला राहील, हा आला, एकदा. तो मी तुझ्यापासून लपवणार नाही.

तू पुन्हा पाहून ठरवणार म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, निदान चुकीच्या शब्दावर ठरवू नये. मी वरिष्ठांकडे जाऊन चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, “अगं, कोण बघतंय?” मी हट्ट धरला. त्यांनी ‘थांबा’ करून दिलं. मला केवढं हलकं वाटलं! आणि त्याच ‘थांबा’मुळे तू त्यांना नाही म्हणालीस.

१५ तारखेला अजून दहा दिवस आहेत. मी काय करू ते सांग. माझं डोकं चालत नाही.

खारू


१० मार्च

खारू,

पहिले दोन दिवस मी तुझ्यावर फार रागावले होते. ते लिहून ठेवते, म्हणजे झालं नाही असं नको.

मग शनिवारी मंडळात गेले. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलताहेत, आणि मी मूग गिळून बसलेली. डॉक्टर म्हणतात, “ओळी लिहिणारा माणूस पन्नाशीचा असणार, संसारात पोळलेला.” मला इतकं हसू आलं की बाहेर जाऊन पाणी प्यायले. कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुझ्या नोकरीची काळजी करू नकोस.

आता चुका. एकच आहे, पण मोठी.

तू लिहितेस, जागा नव्हती. ‘थांबा’ ही किती अक्षरं? दोन. ‘तू थांब’ ही किती? तीन, आणि मधली मोकळी जागा वेगळी. ‘थांबा’ तिथे मावतं हे तूच दाखवलंस. परवा तेच घातलंस आणि ओळ लाल झाली नाही. मग जागा नव्हती म्हणून तुम्हीचं तू झालं, हे कसं? जागा कमी असती तर ‘तू’ आधी गेलं असतं. तू ते जास्तीचं घातलंस.

मी तुला अक्षरं मोजायला शिकवलं आहे. तू न मोजता लिहिणारी नाहीस. तेव्हा पाठदुखी, घाई, लाल ओळ हे सगळं बाजूला ठेव आणि मला सांग: तुला तिथे काय ऐकू आलं?

मला हे भांडणासाठी नको आहे. ती भाषा तुला येते, मला येत नाही. मी नुसत्या तळाच्या ओळी वाचते. त्या माणसाचा आवाज तू ऐकलास. त्या आवाजात ‘तू’ होतं का?

चष्मेवाले माझ्याशी नीट बोलतात. नेहमीसारखंच. तेच मला सोसवत नाही.

आत्या


१४ मार्च

आत्या,

तू म्हणतेस ते खरं आहे. मोजलं. दोन आणि तीन. मी तुला लिहिताना खोटं बोलले, आणि ते खोटं आहे हे मलाच माहीत नव्हतं. असं कसं होतं?

मी तो तुकडा परत ऐकला. आधी दहादा, मग मोजणं सोडलं. ऑफिसात कानाला हेडफोन लावून बसले होते. वरिष्ठ बाई येऊन म्हणाल्या, “त्याने तुला काही बोलून दाखवलंय का? किती ऐकशील?” मी म्हटलं, “हा प्रेमाने बोलतोय की साहेबासारखा?” त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, “घाईत आहे.” मी शेजारच्या टेबलावरच्याला ऐकवलं. तो म्हणाला, “सर्दी झालीय.”

मला कळत नाही आत्या. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, आहे. पाचव्यांदा ऐकताना वाटतं, मी घातलंय. विसाव्यांदा नुसता आवाज उरतो, शब्दसुद्धा राहत नाही.

एकच गोष्ट मी खात्रीने सांगू शकते. घाबरलेल्या माणसाचा, दुसऱ्याला अडवणारा आवाज मी लहानपणी एकाच घरात ऐकला. मी धाप लागेपर्यंत जिना चढायचे आणि तू वरून ओरडायचीस, “तू थांब, मी येते!” माझी पहिली शाळा तीच. त्या आवाजाला ‘तुम्ही’ लागतं, हे मला कधी शिकवलंच गेलं नाही. थोरल्यांनी हात आडवा केला आणि माझ्या कानाने तुझं वाक्य लिहिलं. मला आत्ता तरी असं वाटतं. उद्या वेगळं वाटेल.

म्हणजे त्या ‘तू’वरून थोरल्यांबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तुझ्या चष्मेवाल्यांबद्दल तर त्याहून नाही. तू मला विचारलंस आणि मी तुला काहीच देऊ शकत नाही, हे लिहिताना मला लाज वाटते. फक्त एवढं वाटतं की ज्यांनी ते वाक्य म्हटलं, ते तुझ्यापासून दोन टेबलं सोडून बसतात. ते परकी भाषा बोलत नाहीत. तू त्यांनाच विचार.

हे पत्र तुला १५ तारखेच्या आत मिळणार नाही, हे मला कळतंय. तरी टाकते.

खारू


२६ मार्च

खारू,

तुझं पत्र १७ तारखेला आलं. पण मी त्याआधीच विचारलं होतं. चौदालाच. थांबवेना.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हटलं, “अकरा वर्षांपूर्वी ट्रे पडला तेव्हा तुम्ही मला तू म्हणालात. ते रागाने की कसं?” खारू, त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आपण त्यांच्या खिशात हात घातला. म्हणाले, “मी? तुम्हांला? शक्य नाही.” मग थोड्या वेळाने, “म्हणालो असेन. माफ करा.” आणि आत गेले.

पुढचे चार दिवस त्यांनी माझ्यासाठी सर्वनामच वापरलं नाही. तू नाही, तुम्ही नाही. “चहा घ्यायचा का?” “ती गोल फ्रेम कुठे ठेवली गेली आहे?” “उद्या यायला जरा उशीर झाला तरी चालेल.” इतकी वाक्यं इतक्या कसरतीने फिरवताना मी माणूस पाहिला नव्हता. तुझ्या ऑफिसात त्यांना ताबडतोब नोकरी मिळेल. एवढी कसरत कुणी रागावून करत नाही, असं मला वाटायला लागलं.

पंधरा तारीख त्यातच गेली. घरमालकांकडून मी आठ दिवस मागून घेतले. ते म्हणाले, “बाई, तुम्ही कधी काही मागितलं नाहीत, घ्या.”

एकोणीसला मी दुकानात गेले तर माझं यंत्र जागेवर नाही. काचा घासायचं. ज्यावर मी बावीस वर्षं बसले. फरशीवर फक्त चार पायांच्या खुणा. मी नाही म्हटल्यावर त्यांनी ते विकून टाकलं होतं. न्यायला माणसं सकाळीच आली होती. ते म्हणाले, “तिथे ते चालवणारं कुणी नव्हतं.”

मी म्हटलं, “मी आज तुम्हांला सांगणार होते की येते म्हणून.”

ते खाली बसले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. म्हणाले, “पण आता तिथे तुमच्यासाठी काम नाही.”

“नाही ना.”

“काचा बाहेरून घासून येतील. मी एकटा पुरे आहे.”

“बरोबर.”

“म्हणजे तुम्ही येण्याचं काही कारणच उरलेलं नाही.” एवढं बोलून ते त्या चार खुणांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तरी तुम्ही यावं.”

मी विचारलं, “कशाला?”

“ते मला नीट सांगता येणार नाही. बावीस वर्षं मी तुम्हांला तुम्ही म्हणतो आहे. त्यात मी काही कमी बोलत होतो, असं मला कधी वाटलं नाही. तुम्हांला ते कमी वाटलं असेल तर मला दुसरं बोलता येत नाही.”

तेवढ्यात एक बाई नाकावरून घसरणारा चष्मा घेऊन आली. त्यांनी तिच्या चष्म्याच्या काड्या वाकवून दिल्या, मी डबी दिली. ती गेल्यावर मी म्हटलं, “बरं.” तेही म्हणाले, “बरं.” मग दोघं कामाला लागलो. काम म्हणजे काय, कपाटं रिकामी करणं.

हे काय झालं, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी मला कशासाठी बोलावलं आणि मी कशाला हो म्हटलं, हे मला कुणी लिहून दाखवलं तर बरं होईल. मंडळात सांगितलं नाही. तिथे दोन तट पडतील. तूवाले म्हणतील हरलो, तुम्हीवाले म्हणतील जिंकलो, आणि दोन्ही चूक असेल. घर मात्र सोडते आहे. घरमालकांना बावीसला कळवलं. एकतीसला सकाळच्या गाडीने निघू. तुझी जुनी पाटी आणि पुस्तकं मी बरोबर नेते आहे, तेव्हा यायला ठिकाण राहील की नाही हा प्रश्न तुझ्या यादीतून काढून टाक.

नवा पत्ता मागे लिहिलाय. वर त्यांच्या लेकीचं घर, खाली दुकान, मागच्या बाजूला दोन खोल्या. पाकिटावर माझ्या नावाखाली ‘द्वारा’ म्हणून त्यांचं नाव घालावं का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “द्वारा लिहिलं तर तुम्ही पाहुण्या वाटाल. आणि नाही लिहिलं तर…” एवढं म्हणून ते चहा आणायला गेले.

तू पत्र ‘द्वारा’ न लिहिताच टाक. पोहोचलं तर कळवते.

आत्या